नाव एक, माणसं दोन : खेळाडू-कलाकार जोड्या सुचवा

प्रश्नवाला_डोंबिवली

गणपतीत आमच्या सोसायटीत क्विझ असते आणि प्रश्न काढायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. यंदा एक फेरी अशी करायचीय की नाव एकच, पण एक माणूस मैदानावरचा आणि दुसरा पडद्यावरचा किंवा गाण्यातला. नाव आडनावासकट जुळायला हवं. सचिन-सचिन, दीपिका-दीपिका चालणार नाही. आणि इम्रान खान कृपा करून सुचवू नका, तो चौथीतल्या पोरालाही येतो.

कसली जोडी हवीय ते सांगतो. ख्रिस मार्टिन. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याचा बँड कोल्डप्ले येणार म्हटल्यावर आमच्या विंगमधली पोरं तिकिटांसाठी लॅपटॉपला चिकटून बसली होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ख्रिस मार्टिन म्हटलं की न्यूझीलंडचा तो काटकुळा फास्ट बोलर येतो. ७१ कसोटी, २३३ विकेट्स आणि सगळं करिअर मिळून धावा १२३! तो बॅट घेऊन निघाला की समोरच्या टीमचे ओपनर पॅड बांधायला पळत असतील. पण नोव्हेंबर २०१० मध्ये अहमदाबादला दुसऱ्या डावात आपली ५ बाद १५ अशी दाणादाण उडाली, तेव्हा डावात पाच बळी घेणारा हाच बाबा. लक्ष्मणचे ९१ आणि भज्जीचं शतक, म्हणून अब्रू वाचली. हा प्रश्न टाकला की पोरं एक माणूस सांगणार, काका मंडळी दुसरा, आणि भांडण लागणार. मला तेच हवंय.

थर्डमॅन

मोहम्मद रफी घ्या. केरळचा फुटबॉलपटू, स्ट्रायकर, आपल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडूनही खेळलाय. २०१६ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल कोचीत झाली, तिच्यात केरळ ब्लास्टर्सचा गोल त्याचाच, हेडरने. मॅच १-१ राहिली आणि पेनल्टीवर कप कोलकात्याने नेला.

फक्त एक सांभाळा. २०१४ च्या फायनलला इंज्युरी टाइममध्ये गोल मारून कोलकात्याला जिंकून देणारा मोहम्मद रफीक. तो वेगळा. ती मॅच तुमच्या त्याच डी. वाय. पाटीलवर झाली होती.

कोमल_रिषभ

आमच्याकडे अमीर खाँ म्हटलं की आधी इंदूर घराण्याचे गायक उस्ताद. तो मारवा राग, ती संथ झुमरा तालातली बढत... असो, इथे विषय तो नाही. पण बोल्टनचा बॉक्सर अमीर खान तुमच्या अटीत बसतो. २००४ ला अथेन्समध्ये सतराव्या वर्षी ऑलिंपिक रौप्य. उस्ताद, बॉक्सर आणि सिनेमावाला, तिघांना एकाच प्रश्नात घ्या.

प्रश्नवाला_डोंबिवली

@कोमल_रिषभ, सिनेमावाला 'आमिर' लिहितात हो. आमच्याकडे ग्राउंड फ्लोअरला एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते पहिल्या रांगेत बसतात. ऱ्हस्व-दीर्घावरून फेरी थांबवतील. उस्ताद आणि बॉक्सर घेतो.

@थर्डमॅन, रफी झकास. पण 'रफी कोणत्या संघाकडून खेळला' असं थेट विचारलं तर लोकांना वाटेल मीच घेऊन बसलोय.

ठाणेकरीण

प्रवीण कुमार! एका नावाचे तीन खेळाडू, आणि त्यातलाच एक कलाकारही.

पहिले प्रवीणकुमार सोबती. १९६६ आणि १९७० च्या एशियाडमध्ये थाळीफेकीत सुवर्ण, दोन ऑलिंपिक. आणि मग दूरदर्शनच्या 'महाभारता'तला भीम. आमच्या घरी रविवारी सकाळी तो गदा घेऊन आला की आजी म्हणायची, "ह्याला खायला काय घालत असतील गं?" हा माणूस खरोखरीचा ॲथलीट आहे हे तिला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. दुसरा मेरठचा स्विंग बोलर. २००८ ला तिरंगी मालिकेच्या ब्रिस्बेनमधल्या दुसऱ्या फायनलमध्ये चार विकेट काढून ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात गुंडाळलं. तिसरा पॅरा-ॲथलीट, उंच उडीवाला. टोकियोत रौप्य, २०२४ ला पॅरिसमध्ये २.०८ मीटर मारून सुवर्ण.

प्रश्नवाला_डोंबिवली

ताई, ह्यासाठी तुम्हाला उकडीचे मोदक लागू. 'एशियाडची दोन सुवर्णपदकं जिंकलेला पांडव कोण?' एवढंच विचारतो. प्रेक्षकांतून पहिलं उत्तर 'अर्जुन' येणार, पैज लावा.

पार्लेकर_नाट्यवेडा

दोन्ही कलाकार असलेल्या जोड्यांनी काय घोडं मारलंय? आपल्याकडची सगळ्यात गाजलेली जोडी तीच. 'दोघी'तली सोनाली कुलकर्णी आणि 'नटरंग'मधली सोनाली कुलकर्णी. धाकटीने इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'आय'च्या जागी डबल 'ई' करून घेतलाय, पण मराठी पोस्टरवर त्याचा काय उपयोग? लोकांनी आपलं थोरली-धाकटी करून प्रश्न मिटवला.

आणि विजय चव्हाण! एक मोरूची मावशी, नऊवारी नेसून सगळं थिएटर डोक्यावर घेणारे. दुसरे ढोलकीवाले विजय चव्हाण. नुसत्या नावाची जाहिरात वाचून गेलात तर आत मावशी भेटेल की लावणीचा ठेका, सांगता यायचं नाही.

प्रश्नवाला_डोंबिवली

मान्य, पण नियम म्हणजे नियम. टायब्रेकरला ठेवतो दोन्ही.

थर्डमॅन

मग अशोक कुमार? १९७५ ला क्वालालंपूरच्या हॉकी वर्ल्ड कप फायनलमध्ये पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल त्याचा. ध्यानचंद यांचा मुलगा. पण नट अशोक कुमारचं खरं नाव कुमुदलाल गांगुली. पडद्यावरचं नाव धरायचं का?

कोमल_रिषभ

धरायलाच हवं, नाहीतर हॉलिवूडही बाद होईल. तिथे नटांच्या युनियनमध्ये दोन सभासदांना एकच नाव लावता येत नाही. मायकेल कीटनचं जन्मनाव मायकेल डग्लस, पण त्या नावाचा नट आधीच होता, मग बिचाऱ्याने आडनाव बदललं. गाण्यातही तेच. डेव्हिड बोवी मूळचा डेव्हिड जोन्स. 'मंकीज' बँडवाला डेव्ही जोन्स गाजायला लागला म्हणून बोवी झाला.

थर्डमॅन

ब्राझीलचे फुटबॉलवाले ह्यात हुशार. १९९६ च्या ऑलिंपिकला संघात आधीच वयाने मोठा एक रोनाल्डो होता, म्हणून पुढे गाजलेल्या ब्राझीलच्या रोनाल्डोच्या पाठीवर 'रोनाल्डिन्हो'. म्हणजे धाकटा. पुढे खरा रोनाल्डिन्हो आला तेव्हा त्याला 'गाउशो' जोडलं. तुमची थोरली-धाकटीच झाली की.

प्रश्नवाला_डोंबिवली

ठरलं, पडद्यावरचं नाव चालेल. अशोक कुमार आत.

ठाणेकरीण

डेव्हिड वॉर्नर घेतला का? 'टायटॅनिक'मध्ये खलनायकाचा तो कोट घातलेला नोकर, लव्हजॉय. तो इंग्लिश नट डेव्हिड वॉर्नर.

प्रश्नवाला_डोंबिवली

घेतला होता. 'डेव्हिड वॉर्नर हा सिनेमात काम करणारा की क्रिकेटपटू?' असा प्रश्नही लिहून झाला होता. मग मुलगी म्हणाली, बाबा, आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळलेल्या वॉर्नरनेही २०२५ मध्ये एका तेलुगू सिनेमात काम केलंय. आता प्रश्न 'टायटॅनिक'च्या नावानेच विचारतो. मुख्याध्यापकांनी तेलुगू सिनेमा पाहिला नसेल अशी आशा आहे.