तैवान: सार्वमत विरोधात गेलं, तरी समलिंगी विवाहाचा कायदा कसा झाला?

रानवाट: नोव्हेंबर २०१८ मध्ये तैवानच्या ७२ टक्के मतदारांनी ‘दिवाणी संहितेतला विवाह स्त्री-पुरुषांपुरताच ठेवा’ असं सांगितलं. सहा महिन्यांत संसदेनं समलिंगी जोडप्यांसाठी कायदा केला. मग मतदान घेतलं कशाला? अशा प्रश्नात शेवटचा शब्द न्यायालयाचा की मतदारांचा?

कलमबहाद्दर: आधी क्रम बघा. तिथल्या घटना न्यायालयाचा निकाल, ‘अर्थनिर्णय क्रमांक ७४८’, हा २४ मे २०१७ चा, म्हणजे मतदानाच्या दीड वर्ष आधीचा. समलिंगी जोडप्यांना विवाह नाकारणं घटनेच्या कलम ७ आणि २२ शी विसंगत आहे, दोन वर्षांत कायदा करा, असा आदेश. मुदत टळली तर जोडप्यानं दोन साक्षीदारांच्या सह्यांचा कागद घेऊन थेट नोंदणी करायची. त्यामुळे संसदेला वेळकाढूपणा करून काही साधणार नव्हतं.

कायद्याचं स्वरूप मात्र संसदेवर सोडलं होतं आणि सार्वमत शिरलं ते याच फटीतून. म्हणून दिवाणी संहितेला हात न लावता स्वतंत्र कायदा आला. त्याच्या नावात ‘विवाह’ हा शब्दच नाही, आहे तो नुसता ७४८ हा आकडा! १७ मे २०१९ ला मंजूर, २४ मेपासून लागू. मतदारांचा मान ठेवायला केलेल्या या कसरतीची किंमतही मोजावी लागली: जोडीदाराचं जैविक मूल दत्तक घेता येई, पण दोघांनी मिळून बाहेरचं मूल दत्तक घ्यायची सोय थेट मे २०२३ मध्ये झाली.

उलटतपासणी: ‘न्यायालय की मतदार’ हा प्रश्नच अर्धवट आहे. मतदार नेमकं काय बदलतात ते बघा. तैवानमध्ये ते साध्या कायद्यावर बोलत होते, त्यामुळे घटना वरचढ ठरली. कॅलिफोर्नियात मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हक्क दिला आणि नोव्हेंबरमध्ये ५२ टक्के मतांनी राज्याची घटनाच बदलून तो काढून घेतला गेला. झालं, राज्य न्यायालयाचे हात बांधले. आयर्लंडमध्ये २२ मे २०१५ ला ६२ टक्क्यांनी हाच हक्क घटनेत घातला. मला तो रस्ता जास्त पक्का वाटतो.

रानवाट: आणि भारतात?

कलमबहाद्दर: आपल्याकडे देशव्यापी सार्वमताची तरतूदच नाही. १९६७ च्या गोव्याच्या जनमत कौलासाठीसुद्धा वेगळा कायदा करावा लागला होता. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं. नागरी सहजीवनाला, म्हणजे लग्नाशिवायच्या जोडीदारीला, कायदेशीर मान्यता देण्याचा मुद्दाही ३ विरुद्ध २ नं पडला. चेंडू संसदेकडे, पण तैवानसारखी मुदत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नसल्याचं स्पष्ट केलं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र वेगळं करावंच लागतं.