एसएमपीएस बदलला आणि मंडळाची डिस्क गेली

विषय: मंडळाचं दप्तर, एक कबुली

मंडळी,

जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग मागणाऱ्यांना आठवडाभर मी उत्तर दिलेलं नाही. कारण असं की ती डिस्क माझ्या हातून जळली आहे.

संगणक चालता चालता मध्येच बंद पडायचा. आयुष्य सबस्टेशनात काढलेल्या माणसाला निदानाला कितीसा वेळ लागणार? एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, गेला असं पाच मिनिटांत ठरवून नवा मागवला. मदरबोर्डाची 24 पिनांची केबल नवी लावली, प्रोसेसरची नवी लावली. हार्ड डिस्ककडे जाणारी मात्र कॅबिनेटच्या पत्र्यामागून नेलेली, चार ठिकाणी टायने आवळलेली. ती ओढून काढायचा कंटाळा केला. त्या जुन्याच केबलचं टोक नव्या एसएमपीएसच्या खाचेत टक्कन बसलं. म्हटलं, बसतंय ना, मग झालं.

बटण दाबलं. 'टिच्' असा बारीकसा आवाज आला आणि पाठोपाठ तो वास. वीजवाल्यांना तो वास वेगळा सांगावा लागत नाही.

मग मीटर लावला. जिथे 5 व्होल्ट हवेत तिथे 12! पूर्वी तारांना रंग असायचे: पिवळी 12ची, लाल 5ची, नारिंगी 3.3ची, काळी ग्राउंड. या नव्या सगळ्याच काळ्या. पण तारांना कशाला बोल लावू? आधी मोज, मग बटण, हे शिकाऊ पोरांना घसा फोडून सांगणारा मीच. मीटर तेव्हा हाताशीच, टेबलाच्या खणात होता.

विंडोज बोर्डावरच्या एम.टू एसएसडीवर, म्हणजे वेगळ्या चिपवाल्या डिस्कवर, आहे, त्यामुळे संगणक चालू होतो. डिस्क जोडली की नाही होत. कुणाकडे जुन्या कार्यक्रमांच्या प्रती असतील तर कळवा.

तुमचा,
दप्तरवाला

---

उत्तर: मंडळाचं दप्तर, एक कबुली

काका,

आधी विनंती: डिस्क पुन्हा पुन्हा जोडून बघू नका. आणि तिचं झाकण तर मुळीच उघडू नका.

केबलच्या बाबतीत भलेभले फसलेत. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींच्या, एसएमपीएसच्या केबलचं डिस्ककडचं टोक ठरलेल्या मापाचं आणि ठरलेल्या क्रमाचं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला असा काही नियम नाही. प्रत्येक कंपनी पिना आपल्या मर्जीने लावते, कधी कधी एकाच कंपनीची दोन मॉडेलंही जुळत नाहीत. प्लग मात्र सारखा दिसतो आणि बसतोही, हीच तर मेख आहे.

'चालू होत नाही' म्हणजे नेमकं काय होतं? पंखा जरासा हलून थांबतो का? तसं असेल तर आशा आहे. साडेतीन इंची डिस्कच्या सर्किट बोर्डावर, पॉवरच्या कनेक्टरजवळ, बहुधा दोन टीव्हीएस डायोड असतात. एक 5 व्होल्टच्या लाइनवर, एक 12च्या. व्होल्टेज वाढलं की तो स्वतः शॉर्ट होऊन मागच्या चिपना वाचवायला बघतो. शॉर्ट दिसल्यावर एसएमपीएस सुरू व्हायलाच नकार देतो. डिस्क सुटी करा, मीटर ओहमवर ठेवा आणि डायोडच्या दोन्ही टोकांत मोजा. शून्याच्या आसपास आकडा आला तर डायोड गेला, पण कदाचित तेवढाच.

तशीच दुसरी डिस्क आणून तिचा बोर्ड हिला लावायचा बेत असेल (मला तुम्ही माहीत आहात), तर तोही सोडा. बोर्डावरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची (डेटा वाचणाऱ्या टोकाची) जुळवणी साठवलेली असते. ती चिप न हलवता बोर्ड बदलला तर बहुतेक वेळा काही वाचता येत नाही.

– प्रकाशयोजनेतला

---

उत्तर: मंडळाचं दप्तर, एक कबुली

भाऊ, नाटकांचं नंतर बघू. सभासदांची यादी त्याच डिस्कवर होती का, तेवढं आधी सांगा. रागवायचं ते सभेत रागवेन.

– चिटणीस

---

उत्तर: मंडळाचं दप्तर, एक कबुली

वहिनी, यादी एसएसडीवर आहे, सुखरूप आहे. सभेत कमी रागवा.

पंखा खरंच हलून थांबत होता. 5च्या डायोडवर मीटरने 0.4 ओहम दाखवला, दुसरा ठीक. काल संध्याकाळी प्रकाशयोजनेतले घरी आले. सोल्डरिंग गन माझ्या हाती दिली नाही, मला बॅटरी धरायला लावली. डायोड निघाला, त्याच्या पाठीवर राखाडी डाग होता. मग नव्या एसएमपीएसची स्वतःची केबल पत्र्यामागून ओढून घेतली. यावेळी आधी मोजलं: 5.1 आणि 12.1. डिस्क जोडली, ती गुरगुरली आणि फिरायला लागली. मी खुर्चीत बसलो.

आता तिला संरक्षण उरलेलं नाही, म्हणून सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतोय. मग तिला कायमची रजा. आतापर्यंत एकही फाइल अडलेली नाही.

राहिली मूळ तक्रार. नव्या एसएमपीएसवरही संगणक आज दुपारी बंद पडला. प्रोसेसरचा पंखा काढला तर खालच्या पत्र्यांमध्ये धुळीची गादी! प्रोसेसर तापून बंद पडत होता. ब्रशने झटकली, तेव्हापासून चालू आहे.

म्हणजे जुना एसएमपीएस ठणठणीत आहे. कुणाला हवा असेल तर घेऊन जा. त्याच्या सगळ्या केबलींसकट.

– दप्तरवाला