विश्वास सगळीकडेच आटत चाललाय?
बरेच जण म्हणतात की अनोळखी माणसावरचा विश्वास जगभर कमीच होत चाललाय, ते मला पटत नाही. अमेरिकेत झालाय हे खरंय, १९७२ मध्ये साधारण ४६ टक्के लोक म्हणायचे की बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, २०१८ पर्यंत ते ३४ वर आलं. पण डेन्मार्क बघा ना, १९८० च्या आसपास जेमतेम निम्मे लोक हो म्हणायचे आणि आता चारातले तीन म्हणतात, म्हणजे एका पिढीत एवढं वाढू शकतं! माझ्या मते प्रामाणिक सरकारी कारभाराचा यात मोठा वाटा आहे, कारण फसवणारा सुटणार नाही याची खात्री असली की माणूस सैल होतो. ब्राझील, कोलंबियात मात्र दहातला एकही हो म्हणत नाही.

आणि आपण लोकांना उगाच वाईट समजतो हो. २०१९ साली ४० देशांतल्या प्रयोगाचे निकाल आले, त्यात संशोधकांची माणसं पारदर्शक पाकिटं, आत व्हिजिटिंग कार्ड, किल्ली, वाणसामानाची यादी, "रस्त्यात सापडलं" म्हणून काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला द्यायची, काहींत पैसे असायचे, काहींत नाही. ३८ देशांत पैसे असलेल्या पाकिटांबद्दलच मालकाला परत करायला जास्त वेळा कळवलं गेलं, बिनपैशांच्या पाकिटांबद्दल कमी!