इंग्रजी मजकुरात नुसते ‘डॉमिनीका’ पुरेसे, की ‘कॉमनवेल्थ ऑफ डॉमिनीका’च हवे?

मुद्रितशोधक
कॅरिबियनमधला डॉमिनीका हा जेमतेम ७५० चौरस किलोमीटरचा बेटदेश. राजधानी रोझो, कारभाराची भाषा इंग्रजी. डोमिनिकन रिपब्लिक हा वेगळा देश. हिस्पॅनियोला बेटाचा पूर्वेकडचा मोठा भाग त्याचा, राजधानी सांतो दोमिंगो, भाषा स्पॅनिश. इंग्रजीत लिहिताना या दोघांची सर्रास गल्लत होते. माझे मत असे की बातमी असो, करार असो की पत्ता, पहिल्या उल्लेखात ‘कॉमनवेल्थ ऑफ डॉमिनीका’ लिहावे आणि पुढे नुसते ‘डॉमिनीका’. आखूड नाव वाचले की अनेकांना ते त्या मोठ्या देशाचे लघुरूप वाटते.

उपसंपादक_रात्रपाळी
साफ असहमत. ‘डॉमिनीका’ हे लघुरूप नाहीच, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतही तेवढेच नाव आहे. जुलै २०२३ मध्ये यशस्वी जैस्वालने पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा केल्या त्या रोझोच्या विंडसर पार्कवर. त्या सामन्याच्या बातमीत ‘कॉमनवेल्थ ऑफ’ लावून बघा, क्रीडा पानावर राजपत्र छापल्यासारखे दिसेल. ‘रोझो, डॉमिनीका’ लिहिले की काम झाले. चूक करतो तो डोमिनिकन रिपब्लिकला आखडून ‘डॉमिनीका’ म्हणणारा. त्याची शिक्षा छोट्या देशाला कशाला?

शिवाय ‘कॉमनवेल्थ’ने नवाच घोळ होतो. वाचकाला वाटते, राष्ट्रकुलाचा सदस्य म्हणून हे नाव असेल आणि राजा इंग्लंडचा असेल. सदस्य आहे, पण नावाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि ३ नोव्हेंबर १९७८ ला स्वतंत्र झाल्यापासून हा देश प्रजासत्ताकच आहे, राष्ट्रपतीसह. म्हणजे दोन्ही रिपब्लिक, फक्त एकाच्याच नावात तसे लिहिलेले!

मुद्रितशोधक
क्रीडा पानापुरते मान्य. पण ‘डोमिनिकन प्रेसिडेंट’ असे इंग्रजीत लिहिले तर कोणाचा? दोन्हीकडे राष्ट्रपती आहेत, आणि दोन्ही देशांच्या विशेषणाचे स्पेलिंगही एकच.

उपसंपादक_रात्रपाळी
तो दोष विशेषणाचा, तेव्हा विशेषणच टाळा. ‘प्रेसिडेंट ऑफ डॉमिनीका’, ‘द डॉमिनीका गव्हर्नमेंट’, ‘पीपल फ्रॉम डॉमिनीका’. ‘प्राइम मिनिस्टर’ असेल तर तो डॉमिनीकाचाच, कारण डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पंतप्रधानपदच नाही. पण वाचकाला हे ठाऊक असेल असे धरून चालू नये. बोलताना मात्र फरक कानाला कळतो. डॉमिनीकाचा माणूस ‘डॉमिनीकन’, आघात ‘नी’वर. दुसरीकडचा ‘डोमिनिकन’, आघात ‘मि’वर. निवेदकांनी एवढे पाळले तरी खूप.

आणि ‘द’ विसरू नका. ‘इन द डोमिनिकन रिपब्लिक’ बरोबर, पण ‘इन द डॉमिनीका’ चूक. ‘द आयलंड ऑफ द डोमिनिकन रिपब्लिक’ हेही नको, त्याच बेटावर हैती आहे.

कंटेनर_क्लार्क
तुमचा वाद छापील पानाचा. माल पाठवताना दोन्ही नावे अपुरी पडतात. ऑनलाइन फॉर्मच्या यादीत हे दोन देश अगदी खालीवर येतात आणि पहिली आठ अक्षरे तीच. बोट जरा घसरले की रोझोच्या वुडब्रिज बे बंदराचा माल कागदोपत्री सांतो दोमिंगोजवळच्या काउसेदोला लागतो.

म्हणून नावासोबत शहर आणि कोड, दोन्ही तपासा. दोन अक्षरी देशकोड: डॉमिनीका ‘डीएम’, डोमिनिकन रिपब्लिक ‘डीओ’. तीन अक्षरी: ‘डीएमए’ आणि ‘डीओएम’. इथेच खरी मेख आहे. विमानतळांच्या कोडमध्ये ‘डीओएम’ म्हणजे डॉमिनीकाचा डग्लस-चार्ल्स विमानतळ! सांतो दोमिंगोचा कोड ‘एसडीक्यू’. देशाच्या रकान्यात ‘डीओएम’ दिसले तर एक देश, विमानतळाच्या रकान्यात दिसले तर दुसरा. एअरवे बिल (विमानाने जाणाऱ्या मालाचा कागद) भरताना रकान्याचे शीर्षक आधी वाचा. फोन नंबरही ताडून बघा: डॉमिनीका १-७६७, दुसरीकडे १-८०९, ८२९ किंवा ८४९. (कीपॅडवर ७६७ म्हणजे रोझोच्या इंग्रजी स्पेलिंगची पहिली तीन अक्षरे. लक्षात ठेवायला सोपे.)

मुद्रितशोधक
म्हणजे माझेच म्हणणे आले की! नाव एकटे पुरत नाही.

कंटेनर_क्लार्क
अर्धेच. ‘कॉमनवेल्थ ऑफ’ने कागद सुधारत नाही, उलट बिघडतो. देशाच्या रकान्यात पूर्ण नाव टंकले तर बऱ्याच प्रणाली ते ओळखत नाहीत, कारण त्यांची यादी आखूड नावांची असते. ‘सी’खाली शोधत बसाल. पूर्ण नाव करारात, प्रतिज्ञापत्रात आणि पॉवर ऑफ अॅटर्नीत, तिथे हवेच.

अनुवाद_सहायक
मुद्रितशोधकांचा नियम कोणी जुन्या फाइलवर लावणार असेल तर एक सूचना. ‘डॉमिनीका’ शोधून त्याजागी ‘कॉमनवेल्थ ऑफ डॉमिनीका’ असे सरसकट बदलू नका. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिले नाव दुसऱ्याच्या पोटात अख्खे बसते, त्यामुळे ‘कॉमनवेल्थ ऑफ डोमिनिकन रिपब्लिक’ नावाचा तिसराच देश जन्माला येतो. आधी ‘पूर्ण शब्द जुळवा’ हा पर्याय लावा, नंतर एकेक जागा डोळ्यांखालून घाला.

उपसंपादक_रात्रपाळी
आणि तेवढी मेहनत करायचीच असेल, तर जुन्या फाइलीत डोमिनिकन रिपब्लिकसाठी कुठे नुसते ‘डॉमिनीका’ पडले आहे ते आधी शोधा. सांतो दोमिंगो, पुंता काना (तिथलेच पर्यटनस्थळ) किंवा पेसो (तिथले चलन) जवळपास दिसले, तर तिथे नक्की चूक आहे.