इंग्रजीवर भागतं का? परदेशात राहून स्पॅनिश शिकल्याचे अनुभव

भोपळी_मिरची

भाच्याची कंपनी त्याला केरेतारोला पाठवतेय. मेक्सिकोत, गाड्यांचे आणि विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव. काल फोनवर पहिलाच प्रश्न, "मावशी, इंग्रजीवर भागतं ना?" ऑफिसात भागतं रे राजा, म्हटलं. फोन ठेवला आणि मेक्सिकोतल्याच ग्वादालाहाराची सगळी वर्षं डोक्यात फिरायला लागली, म्हणून हा धागा.

नवऱ्याची नोकरी आयटीतली, टीम इंग्रजी बोलणारी. मी डिपेंडंट व्हिसावर घरी. परिणाम असा की नवऱ्याला आजही बिल मागण्यापलीकडे स्पॅनिश येत नाही आणि मला येतं. कारण प्लंबर माझ्याकडे यायचा, गॅसची गाडी ओरडत गेली की धावत मी जायचे, पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या बाटल्यांचा हिशेब माझ्याकडे. त्या माणसांना इंग्रजीचा उपयोग शून्य.

क्लास लावला होता. तिथे किंमत विचारायला 'क्वांतो क्वेस्ता' शिकवलं. आठवडी बाजारात, म्हणजे तिकडच्या तिआंगिसमध्ये, पाहते तो बायका नुसतं 'आ कोमो?' विचारतात. आपलं 'काय भाव?'. मी दुसऱ्या आठवड्यापासून तेच सुरू केलं आणि भाजीवाल्याचा सूरच बदलला. आंब्याची फोड सुरीच्या टोकावर धरून चाखायला पुढे आली, 'मार्चांतिता' अशी हाक आली. गंमत म्हणजे विकणारा घेणाऱ्याला मार्चांता म्हणतो आणि घेणारी विकणाऱ्याला मार्चांते. शिवाय सगळ्या बायका तिथे 'ग्वेरिता', म्हणजे गोरटेली. मी सावळी म्हणावी तर तेही कमीच, पण तीन वर्षं गोरी म्हणवून घेतलं, का सोडा!

तुम्ही कुठे, कसे शिकलात? स्पेन, मेक्सिको, खाली अर्जेंटिना, कुठलंही चालेल. लिहा पटापट, भाच्याला लिंक पाठवणार आहे.

टवाळ_कार्टं

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ता.क. भाच्याला आधी विचारा, पोळीभाजीचं काय करणार आहे.

मु_पो_माद्रिद

इंग्रजीवर भागतं आणि तोच घोळ आहे. ऑफिस इंग्रजी, मित्र देशी नाहीतर इतर देशांतून आलेले, माद्रिदच्या मध्यात वेटरसुद्धा आपण अडखळलो की लगेच इंग्रजीवर येतो. आठ वर्षं राहून 'ओला' आणि 'ग्रासियास'च्या पुढे न गेलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

माझी गाडी रुळावर आली ती फोनमुळे. समोरासमोर हातवारे असतात, फोनवर काही नाही. उचलला की पलीकडून 'दिगामे', म्हणजे 'बोला', आणि मग सुसाट. डॉक्टरची वेळ, नळाची तक्रार, सोसायटीचा सेक्रेटरी (तोही तसलाच असतो, सगळ्या जगात). मी फोन करायच्या आधी कागदावर वाक्यं लिहायचो. समोरच्याने स्क्रिप्टबाहेरचं विचारलं की ठेवून द्यायचो आणि परत पहिल्यापासून. बायको म्हणायची, नाटकाची तालीम चाललीय.

सरकारी कचेरीचं विचारू नका. ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय दारात उभं करत नाहीत आणि वेळ काही केल्या मिळत नाही. खिडकीवरच्या बाईंना इंग्रजी येत असावं असा मला दाट संशय आहे, पण त्या बोलल्या नाहीत आणि बरंच झालं.

स्वस्तात शिकायचं तर 'एस्क्वेला ओफिसियाल दे इदियोमास' म्हणून सरकारी भाषाशाळा असतात, माद्रिदची पहिली 1911 सालची. फी खासगी क्लासच्या मानाने काहीच नाही. जागा मात्र पटकन भरतात.

अनुस्वार

जागा राखून ठेवतेय. कुकर लावून येते.

निवांत_नाना

आमच्या वेळी पुण्यात सगळे जर्मन शिकायला मॅक्समुल्लरला जायचे. नातीने स्पॅनिश घेतलंय, म्हणते सोपं आहे. खरं का?

अनुस्वार

आले. नाना, नातीला सांगा सोपं आहे, फक्त इंग्रजीतून शिकू नकोस.

मी स्पेनमध्ये सालामांकात शिकले. वर्गात ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 'मे गुस्ता'ने सगळे घायाळ. कॉफी मला आवडते यात कर्ता कॉफी कशी, हे त्यांना पटेना. आपल्याला काय त्याचं? आपण जन्मापासून तेच बोलतो, 'मला' आवडते, 'मला' हवी. मग आला तो माणसांपुढे लागणारा 'आ'. घर पाहिलं तर नुसतं घर, पण मारियाला पाहिलं तर मारियाच्या आधी 'आ' हवा. बाई फळ्यावर नियम लिहितायत, मी मनात म्हणतेय, अहो हा आमचा 'ला'! घर पाहिलं, मारियाला पाहिलं. संपलं.

हातून ग्लास पडला तर 'से मे कायो'. म्हणजे मी पाडला नाही, पडला तो, माझ्या हातून. इंग्रजीवाल्यांना हे जबाबदारी झटकणं वाटतं, आपल्याला रोजचं आहे.

आणि सगळ्यात मोठी धास्ती असते सबजंक्टिव्हची. त्यावर लोक क्लास सोडतात. खरं तर बराचसा भाग आपला 'यावं, व्हावं, पडावा' आहे. तू यावंस असं मला वाटतं. तुला कळावं म्हणून सांगते. पाऊस पडावा. या प्रत्येक वाक्यात स्पॅनिशमध्ये तेच रूप येतं. मी वहीत इंग्रजी अर्थ लिहिणं बंद केलं, मराठी लिहायला लागले आणि निम्मी डोकेदुखी गेली.

जिथे मराठी कामाला येत नाही ते म्हणजे सेर आणि एस्तार. दोन 'असणे'. ते घोटूनच बसतं. लिंगाचीही भीती नको, आपल्याला तीन सांभाळायची सवय आहे, तिथे दोनच. फक्त 'मानो' म्हणजे हात स्त्रीलिंगी आणि 'प्रोब्लेमा' पुल्लिंगी, असे चार-दोन नग पाठ करायचे.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, पळते.

भोपळी_मिरची

अनुस्वार, कमाल! भाच्याला हे प्रिंट काढून देणार.

मु_पो_माद्रिद

+1. सबजंक्टिव्हचं हे मला कुणी आधी का नाही सांगितलं!

टवाळ_कार्टं

कारण तुम्ही फोनची तालीम करत होतात.

घाटमाथा

उच्चाराचं राहिलं. त, द आपल्याकडे आहेत तसेच तिकडे आहेत, दातांना जीभ लावून. इंग्रजांना ते जमत नाहीत. आणि आपण शहाणे, इंग्रजीतून शब्द उचलतो म्हणून हातचं सोडून 'टाको' नि 'माड्रिड' म्हणत बसतो. ताको म्हणा, माद्रिद म्हणा. ञ पण आहे. हा ञ शाळेनंतर पहिल्यांदा कामाला आला 'मान्याना', म्हणजे 'उद्या', म्हणताना.

सातच्या_आत_घरात

मॉन्टेविडिओ, उरुग्वे. हो, तिकडेही मराठी माणूस पोचलाय, टीसीएसचं मोठं केंद्र आहे तिथे.

पुण्यात ॲपवर शिकून गेलो होतो. विमानतळावरच कळलं की वेगळं प्रकरण आहे. पुस्तकातलं 'यो' म्हणजे मी, तिथे ते 'शो'. काये म्हणजे रस्ता, तो 'काशे'. प्लाया म्हणजे समुद्रकिनारा, 'प्लाशा'. त्यात तूसाठी 'तू' नाही, 'वोस', आणि क्रियापदाचा आघात शेवटी सरकतो. ब्वेनोस आयरेसलाही असंच. पहिला महिना मी फक्त मान डोलवत होतो.

शिकलो ते माते पिताना. भोपळ्याचं सुकवलेलं तुंबडं असतं, त्यात हिरवा पाला, धातूची नळी आणि गरम पाणी. एकच नळी, सगळे आळीपाळीने त्यातूनच पितात. आपलं उष्टं-खरकटं तिथे गुंडाळून ठेवायचं. एकजण पाणी ओतणारा, तो भरून देतो, आपण पूर्ण संपवून परत द्यायचं. परत देताना 'ग्रासियास' म्हटलं की त्याचा अर्थ 'आता पुरे'. मग पुढच्या फेरीत आपला नंबर नाही. सुसंस्कृत घरातल्या माणसाची पंचाईत! आपल्याला आभार मानायची खोड. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हे समजावून सांगितल्यावर गप्प बसून प्यायला लागलो, आणि मग दीड-दोन तास गप्पा ऐकायला मिळायच्या रोज. थर्मास काखेत घेऊन लोक रस्त्याने, बसमध्ये, बीचवर. भाषा तिथे शिकायची, बाकी सगळं कमी.

चिंगी_दि_ग्रेट

शाकाहारी लोकांनी हात वर करा प्लीज!! मेक्सिकोला तीन आठवडे जायचंय, मांस नको हे कसं सांगायचं?

भोपळी_मिरची

चिंगी, 'सिन कार्ने' म्हणून भागत नाही हो. कार्ने म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात गोमांस किंवा डुकराचं. कोंबडी त्यात नाही, असा त्यांचा प्रामाणिक समज. 'नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन', म्हणजे कोंबडी नको, मासा नको, हॅमही नको, अशी सगळी यादी वाचायची. आणि 'मान्तेका' विचारा, ती डुकराची चरबी. उसळीसारखे शिजवलेले फ्रिहोलेस, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामालेस, यात सर्रास असते.

पण उपाशी नाही राहणार. केसादिया म्हणजे चीज घालून दुमडलेली तोर्तिया, नोपालेस म्हणजे निवडुंगाच्या पानांची भाजी, एलोते म्हणजे कणीस. मक्याच्या तोर्तिया तर आपल्या भाकरीच्या चुलतबहिणी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि कोमालवर, म्हणजे तव्यावर, भाजतात. 'आग्वा दे हामायका' नक्की प्या, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत.

मु_पो_माद्रिद

स्पेनमध्ये तोर्तिया मागितली तर अंडं-बटाट्याचं जाड थालीपीठ येईल हं. आणि 'एन्सालादा मिक्स्ता' नावाच्या निष्पाप सॅलडवर ट्यूना मासा असतो.

चिंगी_दि_ग्रेट

अरे देवा. ठेपले किती दिवस टिकतात?

काकडीची_कोशिंबीर

ठेपले आठ-दहा दिवस, मोहन जास्त घाला, पाणी अजिबात नको, दुधात किंवा दह्यात भिजवा. दशम्यांचं विचाराल तर वेगळा धागा काढा :)

बार्सिलोनाची_आई

मुलं झोपलीत, फोनवरून लिहितेय, चुका माफ.

आमच्याकडे स्पॅनिश शिकून मोठ्या तोऱ्यात आलो आणि शाळेची पहिली सूचना कातालानमध्ये, म्हणजे इथल्या प्रादेशिक भाषेत. शाळा कातालान, गृहपाठ कातालान, मैदानावर मुलं स्पॅनिशमध्ये भांडतात, घरी मराठी, कार्टून इंग्रजी. धाकटा ताप आला की कोणत्या भाषेत रडेल सांगता येत नाही.

कातालानचे सुरुवातीचे वर्ग तिथलं सरकारी भाषा मंडळ फुकट घेतं, मी गेले. वर्गात पाकिस्तानी, मोरोक्कन, इक्वादोरच्या बाया. इक्वादोरवालीला सगळं आधीच कळायचं, फसवणूक वाटायची. पण तिच्याशीच मैत्री झाली आणि माझं खरं स्पॅनिश तिच्या स्वयंपाकघरात सुधारलं. ती 'तू' आणि 'उस्तेद' फार जपून वापरते, सासूला कायम उस्तेद. सासूला 'अहो आई' म्हणणारी मी, मला ते लगेच आपलं वाटलं. इथले तरुण मात्र डॉक्टरलाही तू म्हणतात, मला अजून जीभ वळत नाही.

निवांत_नाना

नातीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, "आजोबा, मला फक्त मार्क पाहिजेत."

ह्यूस्टनची_मावळण

स्पॅनिश देशात नाही मी, टेक्सासमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, चालेल ना? निम्मे पेशंट मेक्सिको, एल साल्वादोर, होंडुरासचे. हॉस्पिटलचा दुभाषी फोनवर असतो, पण गुडघा वाकवताना कुठे त्याला मध्ये घेणार? आजीबाईंना 'ले दुएले?', म्हणजे 'दुखतंय का?', विचारलं की चेहरा खुलतो. दुखतं की बधिर आहे, कळ येते की जळजळतंय, हे शब्द कुठल्याच कोर्समध्ये नाहीत, पेशंटनेच शिकवले. एक आजी दर वेळी नवीन शब्द देऊन मागचा विचारायच्या. माझीच परीक्षा.

म्हापश्याचो_पाव

गोव्यातून. आजी पोर्तुगीज बोलायची, त्यामुळे मला अर्धं स्पॅनिश फुकट. तुम्हालाही थोडं फुकटच आहे, पगार, पाव, साबण कुठून आले वाटतं? अननस मात्र अर्जेंटिनात 'अनाना' आणि स्पेनमध्ये 'पिन्या'. वाचताना दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी, कानाला मात्र पोर्तुगीज म्हणजे तोंडात चिंच धरून बोललेलं.

घाटमाथा

परीक्षेचं कुणी सांगेल का? बहीण स्पेनमध्ये वालेन्सियात आहे, तिथल्या नागरिकत्वाचा विचार चाललाय.

मु_पो_माद्रिद

आपल्या लोकांना साधारण दहा वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं, जोडीदार स्पॅनिश असेल तर एक. लॅटिन अमेरिकेतल्यांना दोनच, म्हणून बार्सिलोनाच्या आईंची ती इक्वादोरवाली तिथेही पुढे!

परीक्षा दोन, दोन्ही इन्स्तितुतो सेर्वांतेसच्या. भाषेची देले, किमान ए2 पातळी. दोन गट असतात, प्रत्येकी 50 गुण, दोन्हींत वेगवेगळे 30 हवेत. एकात भरपूर मिळवून दुसरं तारता येत नाही. आपली माणसं वाचन-लेखनाला पाठांतराने पैकीच्या पैकी घेतात आणि ऐकणं-बोलण्यात लटकतात, बहिणीला आत्तापासून रेडिओ लावून ठेवायला सांगा. दुसरी सीसीएसई, राज्यघटना आणि सामान्यज्ञान. 25 प्रश्न, 15 बरोबर हवेत. 300 प्रश्नांचा संच आधीच छापलेला असतो, त्यातूनच येतात. आपल्याला एकवीस अपेक्षित वाल्यांना काय अवघड?

भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो ते मात्र घरात आधी बोलून घ्या. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळतं, पण आईवडिलांना समजवताना ते कार्ड कामी येत नाही.

घाटमाथा

धन्यवाद. ती भाषेपेक्षा त्यावरच अडलीय.

टवाळ_कार्टं

मराठी माणूस इथेही अपेक्षित प्रश्नसंचावर पास.

चिंगी_दि_ग्रेट

काकडीताई, दशम्यांचा धागा काढलाय, या.