डेट्रॉइटचा 13वा मतदारसंघ 'आपला' कधीपासून झाला?

तिरका_डोळा (धागाकर्ता)
काल ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली: "डेट्रॉइटवर मराठी झेंडा! कृष्णवर्णीयांच्या बालेकिल्ल्यानं रंग न पाहता आपला माणूस दिल्लीत, सॉरी, वॉशिंग्टनला पाठवला." खाली टाळ्याच टाळ्या. गप्प बसणार होतो, पण ते 'रंग न पाहता' घशाखाली उतरेना.

पोस्टमधला 'आपला माणूस' म्हणजे अमेरिकी काँग्रेसमधले 13व्या मतदारसंघाचे खासदार श्री ठाणेदार. त्यांची जिद्द मान्य. चिकोडीसारख्या गावातून तिथवर जाणं खायचं काम नाही. पण 2022ची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, काय होती? डेमोक्रॅटिक पक्षाचे नऊ उमेदवार, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. ठाणेदारांना 28 टक्के, दुसऱ्या नंबरच्या अॅडम हॉलियरना त्याहून पाचेक टक्के कमी. म्हणजे दहातल्या सात जणांनी दुसऱ्यांना मत दिलं. तिथे डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची मुख्य निवडणूक ही औपचारिकता. वर स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर. 1955 साली चार्ल्स डिग्ज खासदार झाले तेव्हापासून 68 वर्षं डेट्रॉइटचा किमान एक तरी कृष्णवर्णीय खासदार होता. 2023 च्या जानेवारीत ती परंपरा तुटली. 78 टक्के कृष्णवर्णीय वस्तीच्या शहरात! हा रंग न पाहण्याचा विजय नाही, मतविभागणीचा आहे. आपल्याकडे असा कुणी जिंकला की आपण त्याला काय म्हणतो ते सांगायला नको.

नोव्हायकर
झालं, मराठी माणूस वर गेला की खेकडे तयार. 2024 ला निम्म्याहून जास्त मतं घेऊन परत आले ना? तेव्हा कुठे गेली मतविभागणी?

तिरका_डोळा
2024 ला हॉलियरच्या अर्जावरच्या सह्या कमी भरल्या आणि त्यांचं नाव मतपत्रिकेवरच आलं नाही. हे पण ग्रुपवर फिरवा की.

नोव्हायकर
सह्या गोळा करता येत नाहीत त्यानं खासदार व्हावं कशाला? आणि समोर दुसऱ्या कृष्णवर्णीय उमेदवार होत्याच. लोकांनी त्यांना का नाही निवडलं? 2018 ला गव्हर्नरच्या प्रायमरीत ठाणेदार राज्यात तिसरे आले, पण डेट्रॉइट शहरात पहिले होते. सारखं पैसा पैसा करून त्या मतदारांना तुम्ही विकाऊ ठरवताय.

रेषेपलीकडची
दोघेही उमेदवारावर भांडताय, मूळ खेळ मतदारसंघांच्या नकाशाचा आहे. 1950 ला डेट्रॉइट साडेअठरा लाखांचं होतं, 2020 ला 6 लाख 39 हजार. मिशिगन राज्याची काँग्रेसमधली एक जागा गेली, 14 च्या 13 झाल्या, आणि एका मतदारसंघाला साधारण 7 लाख 75 हजार माणसं लागतात. म्हणजे अख्खं शहर घेतलं तरी एक जागा भरत नाही. तरी ते दोनांत वाटलं. जुने 13 आणि 14 दोन्ही कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. नवे 12 आणि 13 दोन्हीत ते निम्म्याच्या खाली. आणि हे कुठल्या पक्षानं केलं नाही, 2018 च्या सार्वमतातून आलेल्या नागरिकांच्या स्वतंत्र आयोगानं केलं. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच अपक्ष. सगळे साधे लोक, हेतू चांगला.

आता 13 मध्ये काय काय कोंबलंय बघा. पूर्वी पोलिश आणि आता येमेनी-बांगलादेशी झालेलं हॅमट्रॅम्क. फोर्डचा कारखाना गेल्यावर ओस पडलेलं हायलँड पार्क. खाली नदीकाठची कामगारांची गावं. आणि श्रीमंतांचं ग्रॉस पॉइंट! तिथे 1960 पर्यंत घर घेणाऱ्यांना दलाल गुण द्यायचे, रंग, उच्चार, सगळ्याला. ज्यू, इटालियन लोकांना जास्त गुण लागायचे. कृष्णवर्णीय आणि आशियाई? त्यांना थेट नकार. त्याच ग्रॉस पॉइंटचा खासदार आज चिकोडीचा आहे. मला तरी यात गंमत वाटते, धागाकर्त्यांना वाटत नसेल.

तिरका_डोळा
वाटली, वाटली. कोर्टानं 2023 च्या डिसेंबरात हाच नकाशा फेकून दिला, हे कसं विसरलात?

रेषेपलीकडची
हा नाही. फेकले ते राज्य विधिमंडळाचे 13 मतदारसंघ, सात खालच्या सभागृहातले, सहा वरच्या. काँग्रेसचे तसेच आहेत. पोस्ट फिरवणाऱ्यांना नावं ठेवायची तर आपला अभ्यास नीट हवा.

वेन_स्टेटचा_माजी
मी मिडटाउनात भाड्यानं राहायचो. जुनी होंडा. विम्याचा हप्ता गाडीच्या हप्त्यापेक्षा जास्त! एट माईल, म्हणजे शहराच्या हद्दीचा रस्ता, ओलांडून राहायला गेलो, तीच गाडी, तोच मी, हप्ता निम्मा. पत्ता बघून लुटतात. खासदार काळा, गोरा, मराठी कुणी असो, यावर कोण बोलणार?

चिकोडीकर
'मराठी' कोण ठरवणार? चिकोडी बेळगाव जिल्ह्यात आहे. सीमाभाग आठवतो तो फक्त आमचा कुणी अमेरिकेत जिंकल्यावर. एरवी आम्ही कर्नाटकातले.

माजी_गिरणगावकर
'उपरा निवडून आला' म्हणून गळे काढणाऱ्यांनी 1967 आठवावं. दक्षिण मुंबईत मंगळूरच्या जॉर्ज फर्नांडिसनी स. का. पाटलांना पाडलं. आमचे आजोबा गिरणीत होते. ते म्हणायचे, पाटील आपले, पण जॉर्ज आमचा. डेट्रॉइटवाल्यांनी तसाच विचार केला असेल तर तुमच्या पोटात का दुखतं?

तिरका_डोळा
त्याच 1967 ला ईशान्य मुंबईत काय झालं तेही सांगा. दोनदा मुंबईतून निवडून आलेल्या केरळच्या कृष्ण मेननना काँग्रेसनं तिकीट नाकारलं, ते अपक्ष उभे राहिले, तर नव्या शिवसेनेनं उपरा म्हणून झोडपलं. काँग्रेसचे बर्वे जिंकले. मुंबईत उपरा नको, डेट्रॉइटमध्ये उपरा म्हणजे अभिमान!

माजी_गिरणगावकर
मेनन पडले ते चीन युद्धामुळे, तेव्हा संरक्षणमंत्री तेच होते.

तिरका_डोळा
युद्ध 1962 च्या ऑक्टोबरात झालं, बरोबर. पण 1967 ला भिंतींवर चीन रंगवला होता की मद्रासी?

माजी_गिरणगावकर
दोन्ही! तुम्ही होता का तेव्हा? बर्वे गेल्यावर पोटनिवडणुकीत त्यांच्या बहिणीनं, तारा सप्रेंनी, मेननना परत पाडलं. ती सहानुभूती होती, मद्रासी-बिद्रासी काही नाही. सगळ्याला तोच चष्मा लावू नका. आणि मेनन पुढं मिदनापूर, त्रिवेंद्रमहून निवडून आलेच की.

नोव्हायकर
म्हणजे उपरे निवडून येतात. धन्यवाद, माझाच मुद्दा.

रेषेपलीकडची
मेननवर वेगळा धागा काढा बाबांनो. या जागेला तरी उपऱ्याचं अप्रूप नाही. 2011 ते 2013 इथे हॅन्सन क्लार्क होते, वडील आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे, आई कृष्णवर्णीय. नंबर तर स्वतःच उपरा: 90च्या दशकात 13 हा आकडा अॅन आर्बर या दुसऱ्या शहराकडे होता, 2003 ला डेट्रॉइटला परत आला. ठाणेदारही अॅन आर्बरहूनच आले.

नोव्हायकर
हे भारी! ग्रुपवर टाकतो.

तिरका_डोळा
टाका, पण 28 टक्क्यांसकट. आणि एक विचारतो. ट्रॉय, नोव्हाय, कँटन ही उपनगरं सोडून तुमच्या ओळखीचं एक तरी मराठी घर या मतदारसंघात आहे का? डिग्ज 1955 मध्ये एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाच्या खटल्याला मिसिसिपीच्या कोर्टात जाऊन बसले होते. त्या जागेवर आपण झेंडा रोवतोय आणि डाउनटाउनला जातो ते मॅचपुरतं.

नोव्हायकर
माझा मुलगा तिथे शिकवतो. पब्लिक शाळेत. त्याचे विद्यार्थी ठाणेदारांना ओळखतात, जाहिरातींमुळे का होईना. हो, जाहिरातींमुळे. घ्या, दिलं तुम्हाला तेवढं.

वेन_स्टेटचा_माजी
मुलगा शहरात राहतो? त्याला विमा किती पडतो ते विचारा.