‘व्हल्नरेबिलिटी’ला मराठीत काय म्हणावं: पूरग्रस्त, पूरप्रवण की आणखी काही?

दूधगंगाकाठ: बेळगाव जिल्ह्यातल्या सदलगा-एकसंबा भागातल्या बचत गटांसाठी पुराच्या तयारीचा एक कागद मराठीत करतोय. मूळ मजकूर कन्नड-इंग्रजीत आहे. ‘व्हल्नरेबिलिटी असेसमेंट’पाशी, म्हणजे संकटात कुणाचं किती नुकसान होऊ शकतं याच्या पाहणीपाशी, अडलोय. कोशात असुरक्षितता, भेद्यता, सुभेद्यता असं मिळतं, पण गावात हे कुणाला कळणार? ‘पूरग्रस्त कुटुंबांची पाहणी’ लिहिलं तर चालेल?

खानापूरकर: नको. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, पाणी येऊन गेल्यानंतरचा शब्द. बाधितही तसाच. तुमची पाहणी आधीची, तेव्हा ‘पूरप्रवण’ लिहा. अवर्षणप्रवण, अपघातप्रवण हे सगळ्यांच्या वाचनातले आहेत. संस्कृतात ‘प्रवण’ म्हणजे उतरता, खाली कललेला. पाण्याला याहून चपखल काय हवं?

जुगूळ-मांजरी: ‘पूरप्रवण’ गावाला लावा, रानाला लावा, कुटुंबाला लावू नका. या विषयात तीन गोष्टी वेगळ्या धरतात. कृष्णेला पूर येणं हा धोका. घर, गोठा, ऊस त्या पाण्याच्या टप्प्यात असणं ही दुसरी गोष्ट. आणि तेवढ्याच पाण्यात कुणाचं किती मोडेल ही तिसरी, म्हणजे तुमचा शब्द. हवामानबदलाच्या जागतिक अहवालांतही 2007 साली दुसरी गोष्ट तिसरीच्या पोटात धरली होती, 2014 च्या अहवालात ती वेगळी काढली. म्हणून जुने-नवे कागद शेजारी ठेवले की गोंधळ उडतो.

समजा, एकाच गल्लीत दोन घरं आहेत. एक स्लॅबचं, वर मजला, चिकोडीत पाहुण्यांचं घर. दुसरं मातीच्या भिंतीचं. दोन म्हशी, करायला घेतलेलं रान, उतारा मालकाच्या नावावर. पाणी दोघांच्याही उंबऱ्याला सारखंच लागतं. पण दुसरा माणूस म्हशी सोडून वेळेवर निघणार नाही, आणि पीक गेलं तर भरपाई मागायला त्याच्या हातात कागद नाही. पाहणीत हे यायला हवं. नुसती पाणीपातळीची रेघ मारून भागत नाही.

देशाच्या व्हल्नरेबिलिटी ॲटलासमध्ये (पहिली आवृत्ती 1997, तिसरी 2019) घरं भिंतीवरून वर्गात टाकली आहेत. माती, कच्ची वीट, दगड यांच्या भिंती ‘ए’ वर्गात. गंमत अशी की आपल्याकडं कर्नाटकात 2019 च्या पुरानंतर ‘ए कॅटेगरी’ म्हणजे पूर्ण पडलेलं घर, पाच लाखांच्या मदतीचं. त्यामुळं तुमच्या कागदात ‘ए वर्ग’ दिसला की लोक पैसे कधी जमा होणार तेच विचारतील!

शहापूर, बेळगाव: कन्नड कागदावरून करताय तर जपून. तिथं ‘प्रवाह’ म्हणजे पूर. ‘संत्रस्त’ म्हणजे आपला ग्रस्त; मराठीत तसाच ठेवला तर माणूस वैतागलेला वाटतो. ‘काळजी केंद्र’ मात्र छान आहे, निवारा केंद्राला दोन्हीकडं कळतं. पूर्वी त्यालाच ‘गंजी केंद्र’ म्हणत. गंजी म्हणजे पेज, बनियन नव्हे.

दूधगंगाकाठ: मग सरळ ‘दुर्बल’ लिहू? कन्नडमध्येही तोच शब्द दिसतो.

जुगूळ-मांजरी: ‘दुर्बल घटक’ म्हटलं की लोकांना रेशन कार्ड आणि सवलत आठवते. शिवाय दोष माणसाच्या अंगी आहे असं ध्वनित होतं. भेद्यता किल्ल्याच्या तटाला ठीक. सुभेद्यता मला तरी सरकारी हिंदीची उसनवारी वाटते. अहवालात ‘हानिप्रवणता’ लिहा. सभेत बोलताना ‘झळ कुणाला जास्त बसेल’ एवढंच म्हणा. ‘झळ बसणे’ सगळ्यांच्या तोंडातलं आहे.

अथणीकर: झळ पुराची कशी? झळ उन्हाची, नाहीतर महागाईची.

खानापूरकर: महागाईची चालते तर पुराचीही चालेल की.

अथणीकर: बरं, पण मग शब्द पुरापुरता ठेवू नका. आमच्या एकाच तालुक्यात कृष्णाकाठ बुडतो आणि पूर्वेकडं टँकरची वाट बघतात. खानापूरकडं नदीचं पाणी घरात न येताही नुसत्या संततधारेनं भिंती बसतात. ‘हानिप्रवणता’ तिन्हीला चालतो, ‘पूरप्रवण’ चालत नाही.

दूधगंगाकाठ: ठरलं. मथळा ‘गावाची हानिप्रवणता पाहणी’, खाली पहिला प्रश्न: ‘पाणी आलं तर तुमच्या घरात आधी झळ कशाला बसेल: भिंत, जनावरं, कागदपत्रं की रोजगार?’ ‘ए, बी, सी’ काढून टाकतो, वर्गांना भिंतीचंच नाव देतो.

शहापूर, बेळगाव: त्यात आजारी माणूस घाला. अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर भिंत नंतर.